सुपडू आबांचं बोट

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकलं की माझी नजर आधी वासराच्या शेपटीखाली जाते. लोक कपाळावरचा चांद बघतात, पाठीवरून हात फिरवतात. मी मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शेपूट कोरडी दिसली की मग मला चहा गोड लागतो. बायको वैतागते. म्हणते, "पाहुण्यांच्या घरी आलोय, आधी माणसांची तरी विचारपूस करा." तिचं बरोबर आहे. पण ही भीती माझ्या अंगात सुपडू आबांच्या गावात शिरली, आणि ती तिथंच सोडून येणं मला जमलं नाही.

मी मूळचा जळगावजवळच्या असोद्याचा. घरी केळी, कपाशी आणि दोन म्हशी. पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी लागली आणि पहिली नेमणूक झाली ती थेट साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठच्या एका गावात. ऐंशी सालानंतरचे दिवस. दूध सोसायट्या निघत होत्या, जर्सी नि होल्स्टिनच्या संकरित गायी गावोगाव येत होत्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि अंगणात पाण्याची टाकी. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे, महिन्यातून एकदा यायचे. पण 'पशुधन पर्यवेक्षक' म्हणत बसायला गावाला वेळ कुठला, म्हणून मी पहिल्या दिवसापासून डॉक्टर झालो. गाव अहिराणी बोलायचं. आमच्या असोद्याकडची बोली निराळी. पहिले पंधरा दिवस लोक बोलायचे आणि मी नुसती मान हलवायचो.

आबा दुसऱ्याच दिवशी आले. साठीचा सडपातळ माणूस, धोतर, टोपी, पायात टायरच्या चपला. रामराम नाही, नाव-गाव नाही. समोर उभे राहून म्हणाले, "हात दाखाड." मी मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी एकेक बोट धरून नखं पाहिली.

"नखं वाढेल शेतस," ते म्हणाले. "हाई हात तू वासरूना तोंडमा घालशी का? टाळू फाटी जाई त्यानं."

आणि गेले निघून. मी चिडलो. सरकारी माणसाची नखं तपासणारा हा कोण? संध्याकाळी मात्र गुपचूप नखं कापली. पुढे कळलं की आबा स्वतः रोज सकाळी ब्लेडनं नखं काढायचे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तर इतकं मुळापासून काढलेलं असायचं की तिथली कातडी लालसर दिसायची.

त्या बोटाचा सगळ्या पंचक्रोशीत मान होता. गाय व्याली की पहिला निरोप आबांकडे जायचा. आबा यायचे, दारात पाय धुवायचे, हात धोतराला पुसायचे. मग घरातली बाई वाटीत गूळ-तूप घेऊन यायची. त्यात बोट बुडवून आबा ते वासराच्या तोंडात घालायचे, पार टाळूपर्यंत. वासरानं बोट ओढलं, जीभ गरम लागली, की एकच शब्द बोलायचे, "राह्यनं." म्हणजे हे जगणार. तो शब्द ऐकेपर्यंत घरात कुणी चुलीवर चहा ठेवत नसे. आबांच्या आधी त्यांचे वडील हे करायचे, असं जुनी माणसं सांगायची. आबांचं बोट लागल्याशिवाय वासरू आचळाला लावायचं नाही, हा त्या गावचा नेम होता.

दुसरा नेम जारेचा. गायीची जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय तिच्या कासेला कुणी हात लावायचा नाही. जार कधी दोन तासांत पडायची, कधी सकाळची संध्याकाळ व्हायची. तोवर वासरू बिचारं मातीत पडून आईकडे तोंड करून ओरडत राहायचं. मग चीक काढायचा, त्यातल्या अर्ध्याअधिकाचा खरवस करून पाच घरी द्यायचा, आणि उरला तो वासराला. जास्त चीक प्यायलं की वासराला हगवण लागते, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. मला शिकवलं होतं ते नेमकं उलटं. चीक पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे, तीच वासराची ढाल, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण काल आलेल्या पोरानं गावाला काय शहाणपण शिकवायचं? पाच घरांत माझंही घर धरलं जायचं. मी खरवस खाल्ला. छान असायचा.

आबा माणसांशी फटकून वागायचे आणि वासरांशी कुजबुजत बोलायचे. वासरापाशी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. सोसायटीचे चेअरमन आवाजाचे दांडगे, त्यांना त्यांच्याच गोठ्यातून "बठ्ठा भाईर निंघा", सगळे बाहेर व्हा, म्हणून आबांनी घालवलेलं मी पाहिलं आहे. वासरं मोजलेलीही त्यांना चालायची नाहीत. मी नोंदवहीत लिहायला आकडा विचारला की म्हणायचे, "लिखी ले जितला दिखतस तितला," आणि दुसरीकडे बघायचे. हगवणीचं तर नावच काढायचे नाहीत. तिला ते 'ती' म्हणत. कुठल्याही गोठ्यात शिरण्याआधी दारात थांबून, डोळे मिटून वास घ्यायचे. कडेला उभे राहिलो तर त्यांचा श्वास ऐकू यायचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "नही. ती नही अठे." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची तिची मला सुरुवातीला मजा वाटायची. एवढा जाणता माणूस, आणि पोराटोरासारखा घाबरतो.

एकदा त्यांनीच त्याचं कारण सांगितलं. त्यांच्या आईची आधीची चार मुलं पाळण्यातच गेली होती, सगळी हगवणीनं. पाचवे हे. जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आईला दिलं. आमच्या खानदेशात नवस-सायासाच्या पोराचं असं करतात, म्हणून नाव सुपडू. "चारीसले तीच लई गई," आबा म्हणाले. "माले सूपमा घालं म्हनीसन तिले दिखनू नही." हे सांगताना ते हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं, की ती अजून शोधते आहे.

हसताना मी त्यांना एकदाच पाहिलं. चेअरमनच्या मळ्यात पत्र्याच्या नव्या शेडमध्ये बारा संकरित गायी आल्या होत्या. पहिली व्याली. वासरू काळं-पांढरं, वशिंड नाही, पाय लांबलचक. आबा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले.

"हाई वासरू शे का हरीन?" त्यांनी विचारलं.

"परदेशी रक्त आहे आबा," चेअरमन रुबाबात म्हणाले.

"मंग याले मन्ही बोली समजी का?"

आणि गूळ-तूप लावून बोट घातलं, तर त्या परदेशी वासरानं ते असं ओढून धरलं की आबांना सोडवता सोडवेना. आबा खदखदून हसले. "समजस रे, बठ्ठं समजस," म्हणत राहिले.

त्याच शेडमध्ये ती आली.

मार्गशीर्षातली सकाळ होती, नदीवरून गार वारं येत होतं. चेअरमनचा गडी बोलवायला आला म्हणून मी आणि आबा बरोबरच गेलो. आबा शेडच्या दारात थांबले, डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. आंबट वास मलाही आला. चार दिवसांचं वासरू कोपऱ्यात पडलं होतं. मागचे पाय पिवळट पांढऱ्या पाण्यानं भिजलेले, शेपूट चिकटलेली. डोळे आत गेले होते, इतके की पापणी आणि बुबुळ यांच्यामध्ये फट दिसत होती. आबांनी तोंडात बोट घातलं.

"जीभ थंडी शे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "उनी ती."

मी इंजेक्शनं दिली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दुपारपर्यंत वासरू गेलं. आम्ही तिथून निघतो न निघतो तोच दुसऱ्या घरचा निरोप आला, गाय व्याली. आबांनी हात धोतराला पुसले आणि आम्ही तसेच तिकडे गेलो. मीही तेच बूट घालून, तोच थर्मामीटर खिशात ठेवून गेलो. तिथं आबांनी नव्या वासराच्या तोंडात बोट घातलं. वासरानं ते ओढलं. "राह्यनं," आबा म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते वासरू पातळ हगायला लागलं आणि चौथ्या दिवशी उचलून न्यावं लागलं.

मग ते गावभर सुरू झालं. एकामागून एक घर. वासरू जन्मायचं तेव्हा चांगलं टुणटुणीत, उड्या मारायचं, आणि दोन-तीन दिवसांत त्याच्या अंगातलं सगळं पाणी मागच्या बाजूनं निघून जायचं. कान गार पडायचे. मान टाकायचं. ओरडतसुद्धा नसे, त्याचीच जास्त भीती वाटायची. गाय मात्र ओरडायची, दिवस-दिवस. सकाळी गल्लीतून जाताना कुठल्या घरची गाय ओरडते आहे ते ऐकत मी चालायचो. माझी इंजेक्शनं टोचली काय नि न टोचली काय, सारखंच झालं होतं. कपाटातल्या औषधांवर मी चिडायचो, कंपनीला शिव्या द्यायचो.

लोकांनी लिंबू-मिरच्या बांधल्या, गोठ्याभोवती राख टाकली. पूर्वी गाय व्याली की घरचा माणूस चारचौघांत मिरवायचा. आता दार ओढून घेऊ लागले, शेजारणीला कळू देईनात. पण आबांना मात्र मागच्या दारानं बोलवायचेच. आबांचं बोट लागलं तर वासरू वाचेल, एवढी एकच आशा उरली होती. भीती वाढली तशी बोलावणी वाढली. आधी आबा दिवसाला एका घरी जायचे, आता चार घरी जाऊ लागले. आजारी वासराच्या तोंडात बोट घालून जीभ बघायची, तिथून निघून जन्मलेल्याच्या तोंडात घालायचं. सकाळी एक भाकरी खायचे, तेवढंच. दारात वास घेऊन झाला तरी ते लवकर आत पाऊल टाकायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "डॉक्टर, तू आधी जाय आत. माले भ्याव वाटस." मी आत गेलो.

शेवटी तालुक्याचे डॉक्टर जीप घेऊन आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांनी शेणाचे नमुने बर्फात घालून पुण्याला पाठवायची व्यवस्था केली आणि चेअरमनच्या ओट्यावर बसून दोन याद्या केल्या. मेलेली वासरं कुणाकडची आणि जगलेली कुणाकडची. पहिली यादी कागदभर झाली. दुसरीत एकच नाव होतं, मथुराक्का. नदीपलीकडे शेतात एकटी राहणारी बाई. तिच्या दोन गायी त्याच पंधरवड्यात व्यालेल्या आणि दोन्ही वासरं उड्या मारत होती. साहेब आणि मी तिच्याकडे गेलो.

"तुम्ही वेगळं काय केलं?" साहेबांनी विचारलं.

"काय करसू? एकटी बाई. कापूस येचाले जानं व्हतं. वासरू उठनं, थानले लागनं, पी गयं. जारनी वाट कोन देखी?"

"आणि सुपडू आबा आले होते?"

मथुराक्कानं तोंड फिरवलं. मागे तिची म्हैस मेली तेव्हा आबा म्हणाले होते की तुझ्याच हातानं मेली, दाणा जास्त घातलास. तेव्हापासून अबोला होता. "त्या मन्हा घर येतस नही," ती म्हणाली.

परतताना नदीच्या वाळूत साहेब थांबले. म्हणाले, हा विषाणू असणार. लहान वासरांच्या आतड्यात बसतो. इंजेक्शननं मरत नाही. चीक वेळेवर पोटात गेला असेल तर वासरू तग धरतं. एका वासराकडून दुसऱ्याकडे तो शेणानं, लाळेनं, माणसाच्या हातापायानं जातो. मग त्यांनी विचारलं, "या पहिल्या यादीतल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन आलेला माणूस कोण?"

"सुपडू आबा," मी म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही.

"आणि तुम्ही?"

"मी हात धुतो साहेब. बुटांना फिनेल लावतो."

फिनेलची बाटली कपाटात होती. तिचं सीलसुद्धा मी फोडलेलं नव्हतं. साहेबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. भला माणूस होता. "मग तुम्हीच सांगा त्यांना," एवढंच म्हणाले. "तुमच्याशी त्यांचं बरं आहे."

मी दोन दिवस सांगितलं नाही. कसं सांगायचं? ज्या माणसाला गावानं वासरांचा रखवालदार मानलं, त्याला जाऊन म्हणायचं की तुम्हीच घेऊन फिरताय? आज सांगू, उद्या सांगू करत मी आबांना बघितलं की दवाखान्यात शिरायचो. त्या दोन दिवसांत रतनच्या घरची गाय व्याली आणि आबा तिथं जाऊन आले. रतन हा नुकता वेगळा निघालेला तरणा शेतकरी, घरात ती एकच गाय.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आबा स्वतःच दवाखान्यात येऊन बाकावर बसले. मग मात्र मी सांगितलं. खाली बघून, भरभर सांगितलं. शेवटी म्हणालो, "आपण चीक थांबवतो आबा, आणि बोट आधी घालतो." त्या सगळ्या बोलण्यात 'आपण' हा एकच बरा शब्द माझ्या तोंडून गेला.

मला वाटलं, चिडतील. शिव्या देतील. आबांनी बोट डोळ्यांसमोर धरलं.

"काही दिखत नही," ते म्हणाले.

"दिसत नाही आबा. फार बारीक असतं."

ते उठले, अंगणातल्या टाकीवर गेले, साबण मागितला आणि कोपरापर्यंत हात धुतले. येऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुऊन आले तेव्हा ओले हात तसेच पुढे धरून म्हणाले, "परवादिन मी रतनना घर गयथू."

"हो."

"त्यानं वासरूले बोट लायं मी."

दोघांनाही दिवस मोजता येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रतनकडे गेलो तर आबा त्याच्या घरासमोर रस्त्यावर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. वासराची शेपूट ओली झाली होती. मी मीठ-साखरेचं पाणी बाटलीनं पाजायला लागलो. रस्त्यावरून आबांचा आवाज येत होता. "थोडं थोडं पाज. मान वर नको करू, ठसका लागी. कान देख त्याना, गरम शेतस का?" रतनची बायको दारात येऊन म्हणाली, आबा, तुम्ही आत येऊन एकदा बोट लावा, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल. आबा दोन पावलं मागे सरले. दिवस मावळेपर्यंत ते तिथंच उभे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होते. कुणी भाकरी आणून दिली तर हाताला लावली नाही. त्या वासराचे कान माझ्या हातात गार पडले तेव्हा बाहेरून आवाज आला, "डॉक्टर, कान?" मी बाटली घेऊन दारात आलो. आबांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी जन्मात केलं नसतं. गावात ज्यांच्या गायी गाभण होत्या त्या प्रत्येक घरासमोर जाऊन ते रस्त्यातच उभे राहिले आणि ओरडून सांगितलं, "चीक पाजा. वासरू उठनं की आत्तेच पाजा. जार पडानी वाट नका देखा. माले बलावू नका." लोक बुचकळ्यात पडले. चेअरमननी विचारलं, "आबा, आमच्यावर रागावलात का?"

"राग नही," आबा म्हणाले, आणि सगळ्यांना दिसेल असा उजवा हात वर धरला. "मन्हा हातमा ती शे."

मी त्या घोळक्यात उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं, की बाबांनो, तुमच्या डॉक्टरच्या हातातही आहे, बुटाला आहे, थर्मामीटरला आहे. अहो, साधं विषाणू म्हणजे काय तेवढं तरी समजावायचं. माझी जीभ उचलली नाही. नवी नोकरी होती, तोंडावर लोकांचा राग नको होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

माझं कुणी ऐकलं नसतं, आबांचं ऐकलं. जार पडायच्या आधी वासरं आचळाला लागली. मी बादलीत धुण्याचा सोडा कालवून दाराशी ठेवायला लावला, आजारी वासरं वेगळी बांधायला लावली, आणि स्वतःही हातपाय धुऊन आत जायला लागलो. महिनाभरात मरणं थांबली. पुण्याहून चिठ्ठी आली तेव्हा तिची कुणाला गरज उरली नव्हती. साहेबांचा तर्क बरोबर निघाला होता.

पण आबांचं ते वाक्य गावानं शब्दशः घेतलं. आबांच्या हातात ती आहे. ते स्वतःच बोललेत. मग काय, ते गल्लीत दिसले की बाया वासरं आत ओढायला लागल्या. वासराच्या अंगावर पदर टाकायच्या. एकीनं तर त्यांना निरोप पाठवला, आमच्या दारावरून जाऊ नका, पलीकडच्या रस्त्यानं जा. आबा पलीकडच्या रस्त्यानं जाऊ लागले. तिकडेही गोठे होतेच. मग ते रस्त्याच्या बरोबर मधून चालायचे, दोन्हीकडच्या दारांपासून सारखे लांब. हे मी रोज दवाखान्याच्या खिडकीतून बघायचो. त्यांच्या स्वतःच्या मुलानं गाय गोठ्यातून काढून शेतात नेऊन बांधली होती.

होळीच्या सुमाराला एकदा ते दवाखान्याच्या अंगणात आले. आत आले नाहीत, टाकीपाशी उभे राहिले.

"डॉक्टर, एक इचारू का?" म्हणाले. "हाई साल तू सांगं म्हनीसन माले समजनं. मी चाळीस वरीस बोट लाऊ ऱ्हायनू. मन्हा बाप बी लाये. त्या चाळीस वरीसमा मन्हा हातथीन कितला गयात?"

मला काय ठाऊक? कुणालाच ठाऊक नव्हतं. "सांगता येत नाही आबा," मी म्हणालो. "काही वाचलीही असतील."

"वाचनात त्या राह्यनात," ते म्हणाले. "गयात त्या कितला?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि "बरं" म्हणून निघून गेले. माणूस रडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. ते 'बरं' मला सोसवलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली, मेहरूणच्या बाजूला. निघायच्या दिवशी सोसायटीनं नारळ दिला. चेअरमननी भाषण केलं, या डॉक्टरांनी आपली वासरं वाचवली. टाळ्या पडल्या. आबा तिथं नव्हते. धुळ्याच्या गाडीसाठी मी फाट्यावर गेलो तर तिथं उभे दिसले, माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर. मी जवळ गेलो. माझ्या गळ्यात अजून हार होता, तो मी काढला.

"आबा," मी म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी तुम्ही ज्या-ज्या गोठ्यात गेलात, तिथं मीही गेलो होतो. हात न धुता. तेच बूट घालून. चेअरमनच्या शेडमधून मीच..."

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

"माहीत होतं?"

"तू सांगं त्याच दिनले. टाकीवर हात धोता धोता ध्यानमा उनं." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "तू मन्हासंगे व्हता ना."

"मग बोलला का नाहीत? गावासमोर तुम्ही एकट्यानं हात वर केलात. माझं नाव का नाही घेतलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अगदीच येडपटासारखं विचारलं असावं तसं.

"दोन्हीसना हात गयात, तं वासरंसकडे कोन देखी?"

गाडी आली. मी पाया पडायला वाकलो तर ते झटकन मागे झाले. चढलो, खिडकीपाशी बसलो. हार मांडीवर होता, त्याचं काय करावं कळेना. मागे वळून पाहिलं तर आबा गावाकडे परत चालले होते, रस्त्याच्या मधून. कडेच्या एका खळ्यातून दावं तोडून एक वासरू बाहेर आलं, आठवड्याभराचं असेल, आणि लुटुलुटु त्यांच्या मागे निघालं. जवळ जाऊन त्यानं मान लांब करून आबांचं धोतर ओढलं. आबांनी वळून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले आणि पावलं भरभर टाकायला लागले. वासराला ते खेळणं वाटलं. ते उड्या मारत मागे धावलं. आणि मग सुपडू आबा हात तसेच वर धरून, चपला तिथंच टाकून, भर उन्हात त्या वासरापासून पळत सुटले.